बिल्टीशिवाय मंगलाष्टक

पूर्णेत लग्न कोणाचंही असो, अंतरपाट धरला की लोक नवरदेवाकडे बघायच्या आधी मांडवाच्या मागच्या कोपऱ्यात बघायचे. टाकळकर बाबू आलेत का? आले असले तर मंगलाष्टक म्हणणाऱ्याचा घसा आपोआप कोरडा पडायचा. बाबू सहा फूट उंच, डोक्यावर काळी टोपी, कानावर पेन्सिल, काखेत लाल पुठ्ठ्याची वही आणि मुठीत अक्षता. 'सावधान' झालं की अख्खा मांडव अक्षता उधळायचा; बाबूंची मूठ मिटलेलीच. डोळे मिटून, मान तिरकी करून ते शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकत राहायचे. एकदा मी कुजबुजलो, "बाबू, टाका की अक्षता." तर डोळे न उघडता म्हणाले, "थांबा वाघमारे. आधी माल कोणाचा ते कळू द्या."

माल म्हणजे मंगलाष्टक. माणिकराव टाकळकर मंगलाष्टकं रचायचे, आणि आपलं मंगलाष्टक कुणी चोरून म्हणत नाही ना, यावर नजर ठेवायला गावातल्या प्रत्येक लग्नाला हजर राहायचे. आमंत्रण असो नसो. जेवायलाही थांबायचे नाहीत, म्हणून कुणी हटकायचं नाही.

मी तेव्हा पूर्णा जंक्शनच्या पार्सल ऑफिसात नुकताच कारकून म्हणून लागलो होतो आणि बाबू माझे वरिष्ठ होते. रेल्वे क्वार्टरातही आमची भिंत एकच. त्यामुळे दिवसाचे आठ तास मी त्यांचं समोरून ऐकायचो आणि उरलेले भिंतीपलीकडून.

पार्सल ऑफिसात बाबूंचं एकच वाक्य चालायचं: "बिल्टी हाय का?" बिल्टी म्हणजे रेल्वेने पाठवलेल्या मालाची पावती. ती दाखवल्याशिवाय बाबू टाचणीसुद्धा सोडायचे नाहीत. एकदा नांदेडकडचे एक जाडजूड पुढारी आले, त्यांच्या मिठाईच्या करंडीवर त्यांचंच नाव, खाली त्यांचाच पत्ता. बिल्टी मात्र घरी राहिलेली. "अरे, मला ओळखत न्हाई का तुमी?" पुढारी गरजले. "तुमाला ओळखतो, साहेब," बाबू हात जोडून म्हणाले, "करंडीला ओळखत न्हाई." पुढारी घरी गेले, बिल्टी घेऊन आले. तोवर मिठाईला मुंग्या लागल्या होत्या, पण नियम शाबूत होता.

हाच नियम त्यांनी कवितेला लावला. लाल वहीत रकाने आखलेले: क्रमांक, पाठवणार, घेणार, पोचल्याची सही. पाठवणार नेहमी मा. ए. टाकळकर. घेणार म्हणून फक्त नवरीचं नाव. मी विचारलं, "अन् नवरदेव?" तर म्हणाले, "तो फुकटचा प्रवासी." मांडवपरतणीला मुलगी माहेरी आली की बाबू वही घेऊन तिच्या दारात. तिने सही केली, अंगठा उठवला की माल पोचला. मोबदला एक नारळ, आणि एक अट: "एक मुलगी, एक मंगलाष्टक. डिलिव्हरी झालेला माल पुन्हा बुक होत नसतो."

लिहायच्या आधी ते नवरीला समोर बसवून चौकशी करायचे. कशाला भितीस? कोणाशी भांडतीस? घरी कोणतं काम तुझ्याशिवाय हालत न्हाई? पोरी बिचाऱ्या लाजून बेजार व्हायच्या. पण त्या उत्तरातलं काहीतरी एक मंगलाष्टकात असं बसायचं, की ते दुसऱ्या कुणाच्या लग्नात म्हटलं तर उघडं पडावं. याला ते 'खूण' म्हणायचे. "पोत्यावर खूण नसली की पोतं ज्याच्या हाताला लागंल त्याचं होतंय, वाघमारे."

ही खूण किती कामाची, ते मी पालमला पाहिलं. तिथल्या एका कापड दुकानदाराच्या मुलाचं लग्न होतं. आमच्या ऑफिसातल्या एकाचे पाहुणे, म्हणून आम्ही दोघे एसटीने गेलो. वाजंत्री थांबली, नवरदेवाच्या मावशीने गुलाबी कागद हातात धरून छान वरच्या पट्टीत सुरुवात केली. दुसऱ्याच कडव्यात ओळ आली:

"काळे हात जरी परंतु हृदयी पाणी झरे निर्मळ..."

"थांबा!"

बाबूंचा आवाज गाडी सुटताना द्यावा तसा. मावशी थांबली. भटजींच्या हातातला अंतरपाट खाली आला आणि नवरा-नवरीने वेळेआधीच एकमेकांना पाहून घेतलं. बाबू गर्दीतून पुढे आले. "नवरदेव कुठं कामाला हायेत?"

"दुकानात बसतो की. कापडाच्या," नवरदेवाचे वडील गोंधळून म्हणाले.

"मंग हात काळे कशानं झाले?"

सगळा मांडव नवरदेवाच्या हाताकडे बघायला लागला. नवरदेवही बघायला लागला. हळदीने पिवळेजर्द होते. बाबू म्हणाले, "हे आमच्या लोकोशेडातल्या फिटरच्या लग्नाचं हाय. तेची बायको मला म्हणली व्हती, त्यांचे हात काळे असत्यात पर मानूस लय चांगला हाय. क्रमांक बेचाळीस. बिल्टी हाय का तुमच्याकडं?"

बिल्टी नव्हती. पहिल्या रांगेत पालमचे प्रेसवाले गुलाबराव बसले होते, ते हळूहळू खुर्चीतून खाली सरकायला लागले. शेवटी उठून कबूल झाले: त्या फिटरच्या लग्नाचे कागद त्यांच्याच छापखान्यात छापले होते. जुळवलेले अक्षरांचे खिळे तसेच बांधून ठेवले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला नुसती नावं बदलून दिली. "फर्मा तयारच व्हता बाबू. नावं बदलली की. अजून काय बदलायचं?"

"मानूस," बाबू म्हणाले.

भटजी घड्याळ दाखवून कळवळायला लागले तेव्हा बाबूंनी तिथेच कागद मागितला, उभ्या उभ्या चार ओळी रचल्या, मावशीला दिल्या आणि वहीत क्रमांक टाकला. लग्न लागलं. नवरदेवाचे वडील चिडले नाहीत, उलट बाबूंना आग्रह करकरून जेवायला बसवलं. बाबूंनी त्या दिवशी जिलेबी खाल्ली. चोर सापडल्यावर त्यांची भूक खुलत असे.

माझ्या लग्नात मात्र त्यांची पंचाईत झाली. आमच्याकडे लग्न विहारात, बुद्धवंदनेने लागतं. बाबू सवयीप्रमाणे मागे उभे, डोळे मिटलेले. वंदना चालू असताना शेजारी बसलेल्या माझ्या चुलत्यांना त्यांनी हळूच विचारलं, "हे कोणाचं?" चुलते म्हणाले, "तथागतांच्या काळापासनं हाय. अडीच हजार वर्षं झाली." बाबूंनी थोडा विचार केला आणि वही काखेत मारली. "मंग असू द्या. जुना माल हाय अन् मालक लय मोठा." नंतर माझ्या बायकोसाठी चार ओळी लिहून दिल्याच. तिने सही केली, क्रमांक साठ.

तेव्हाच वही चाळताना मला एक गोष्ट दिसली. सगळ्या पानांवर सह्या, अंगठे; पहिल्या ओळीतला रकाना तेवढा कोरा. क्रमांक एक. घेणार: सुमन. सही नाही. मी विचारलं, तर बाबूंनी वही मिटली. "तो माल वाटेत गहाळ झाला," म्हणाले आणि नसलेल्या गाडीची वेळ बघायला बाहेर गेले.

आणखी एक विचित्र गोष्ट. पालम, गंगाखेड, कुठेही लग्न असो, बाबू जायचे. वालूरला मात्र कधीच नाही. त्यांची सख्खी बहीण वालूरला दिलेली, तिच्या घरातल्या लग्नांची पत्रिका यायची, हळदकुंकू लावून. त्या दिवशी बाबूंना नेमकी ड्यूटी निघायची. ड्यूटीचा तक्ता मीच लिहायचो, म्हणून मला माहीत.

मग एके दिवशी बहिणीचं पोस्टकार्ड आलं. तिच्या मुलीचं, शैलाचं लग्न ठरलं होतं. मामा म्हणजे नवरीच्या मागे उभा राहणारा माणूस. आता ड्यूटी सांगून चालणार नव्हतं. बाबूंनी कार्ड यायच्या आधीच नवं मंगलाष्टक लिहायला घेतलं होतं. कार्डात बहिणीने लिहिलं होतं, 'दादा, शैलासाठी नवं काही लिहू नकोस. आमच्या घरात दर लग्नाला जे म्हणतात तेच म्हणायचं ठरलंय. तू मात्र ये. मामाशिवाय कसं होईल.'

बाबूंनी पेन्सिल कानावर ठेवली ती दोन दिवस काढली नाही. तिसऱ्या दिवशी एक माणूस बोरांच्या दोन करंड्या बिल्टी न दाखवता उचलून घेऊन गेला आणि बाबू नुसते बघत राहिले. तेव्हा मात्र मी घाबरलो आणि सरळ त्यांच्या घरी गेलो.

कुसुमकाकू, म्हणजे बाबूंच्या मंडळी, चहा टाकता टाकता म्हणाल्या, "आज ना उद्या हे होणारच व्हतं बघा." आणि मग त्यांनी सांगितलं.

आईवडील लवकर गेले. सुमनला बाबूंनीच वाढवलं. नोकरी नवी, घर दूर. सुमन रोज दुपारी डबा घेऊन स्टेशनावर यायची. तिच्या लग्नासाठी बाबूंनी आयुष्यातलं पहिलं मंगलाष्टक लिहिलं. मांडवात नवऱ्याकडचे चुलते, वालूरचे आबा, म्हणाले, "आणा इकडं, माझा गळा बरा हाय." आबांनी म्हटलं. मांडव डोलला. "वा आबा! काय रचलंय!" आणि आबा हात जोडून म्हणाले, "सुचलं आपलं."

"बोलले का न्हाई बाबू?" मी विचारलं.

"मुलीकडचं मानूस काय बोलनार? अंतरपाट दूर झाला नव्हता अजून. पोरीला जलमभर तिथं नांदायचं." काकूंनी पदराने कप पुसला. "तवापासनं त्या घरात दर लग्नाला तेच म्हणत्यात, आबांचं म्हणून. अन् सुमनला वाटत असंल, दादा अख्ख्या जिल्ह्याच्या पोरींना लिहून देतो, माझ्याच लग्नात तेवढं काही देलं न्हाई. हे सांगंनात. म्हणत्यात, तिच्या सासरकडच्यांची मान खाली कशाला घालू."

मला बाबूंचा भयंकर राग आला. पालमला भर मुहूर्तात 'थांबा' म्हणून ओरडणारा माणूस, आणि सख्ख्या बहिणीला एवढं एक वाक्य सांगता येत नाही! मी तसं त्यांना बोललोही. बाबू म्हणाले, "बिल्टी न्हाई माझ्याकडं, वाघमारे. कागद आबांनीच खिशात घातला व्हता. बिल्टी नसताना माल मागायचा कोण्या तोंडानं?"

लग्नाला मला बरोबर चला म्हणाले. मी जरा घुटमळलो. विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं होतं, गावागावांत माणसं एकमेकांची नावं आधी विचारून मग पाणी देत होती. बाबू म्हणाले, "मामाच्या संगं येनारा मानाचा मानूस असतो. मी बघतो कोण काय म्हणतंय ते." त्या दिवशी बंद होता, एसटी हलली नाही. बाबू, काकू आणि मी आगगाडीने सेलूला उतरलो आणि पुढे वालूरपर्यंत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, कडब्यावर बसून. मांडवाच्या दारात एका पाहुण्याने "हे कोण?" म्हणून माझ्याकडे बघितलं. "माझ्या हापिसातले," बाबू म्हणाले, "माझ्या पंगतीला बसतील." तो बाजूला सरकला.

आबा पहिल्या खुर्चीत होते. ऐंशीच्या घरात, पांढराशुभ्र फेटा, गळा अजून खणखणीत. शेजारच्यांना ते मंगलाष्टकाचा अर्थ सांगत होते. त्यातल्या एका ओळीवर लोक कायम अडायचे:

"आणी रोज डबा दुपारसमयी, धावे उन्हातून ही..."

आबांच्या घरातल्या सात-आठ सुना हे ऐकून आल्या होत्या, आणि कुणाचा डबा, कसलं ऊन, ते कुणाला कळलं नव्हतं. आबा म्हणत होते, "गूढ हाय ते. डबा म्हंजे देह. ऊन म्हंजे संसार." लोक माना हलवत होते.

अक्षतांबरोबर गुलाबी कागद वाटले गेले. माझा कागद मी सहज खालपर्यंत वाचला आणि जागच्या जागी उठलो. पण बाबू पार पलीकडे, शैलाच्या मागे उभे. डोळे मिटलेले, मूठ मिटलेली, मान तिरकी. हाक मारावी तर वाजंत्री चालू.

वाजंत्री थांबली. आबा फेटा सावरत उठले. तेवढ्यात सुमनताई पुढे झाल्या. "आबा, बसा तुमी. आज मी म्हणते."

"म्हण की पोरी," आबा खुशीत म्हणाले. "माझं हाय, जरा ठसक्यात म्हण."

"म्हणते. पर आधी एक सांगा. ह्यात डबा कोन आणायलंय?"

"सांगितलं की आताच. डबा म्हंजे देह..."

"न्हाई आबा. डबा पितळंचा व्हता. कडी तुटलेली, सुतळीनं बांधलेली. मी न्यायचे तो, दादाला, पूर्णेच्या टेशनावर." सुमनताईंनी कमरेच्या पिशवीतून एक घडी काढली. पिवळी पडलेली, पार्सल ऑफिसातल्या जुन्या फॉर्मची पाठकोरी बाजू, पेन्सिलीने गिचमिड लिहिलेली, खोडलेली, पुन्हा लिहिलेली. "दादा हे लिहीत व्हता तवा मी डबा घेऊन दारातच उभी व्हते. पहिला कागद तेनं चुरगाळून टाकला, मी उचलला. माझ्याकडं बिल्टी हाय, आबा. तुमच्याकडं हाय का?"

मांडवात टाचणी पडली असती तर बाबूंनी तिचीही बिल्टी मागितली असती, इतकं शांत झालं. भटजी म्हणाले, "मुहूर्त..." पण हळूच. आबांनी फेट्याखाली खाजवलं. माणूस वाईट नव्हता तो. वीस वर्षं टाळ्या ऐकून त्याला खरंच ते आपलं वाटायला लागलं होतं. ते म्हणाले, "बरं बाई. सुचलं आपलं... म्हंजे, ह्याला सुचलं." आणि आधी स्वतःच हसले. मग मांडव हसला.

सुमनताईंनी म्हटलं. गळा काही फार चांगला नव्हता. डब्याच्या ओळीला तर अडखळल्याच. मी बाबूंकडे बघत होतो. त्यांचे डोळे उघडे होते. शेवटचं 'सावधान' झालं आणि टाकळकर बाबूंनी मूठ उघडली. तांदूळ घामाने तळहाताला चिकटले होते. ते हात झटकत राहिले, शैलाच्या डोक्यावर, सुमनताईंच्या डोक्यावर, थोडे भटजींवरही.

माझ्या हातातल्या कागदावर खाली छापलेलं होतं: 'रचना: वधूचे मामा, माणिकराव टाकळकर. सुमनच्या लग्नासाठी.' छापखाना पालमचा. गुलाबराव मागच्या रांगेतून मला हातवारे करून सांगत होते की या खेपेला नाव विचारून घेतलं.

जेवणं झाल्यावर मांडवात आम्ही चौघंच उरलो: बाबू, काकू, सुमनताई आणि मी.

"नवं लिहू नको म्हणलीस," बाबू म्हणाले, "तर मला वाटलं..."

"हेच म्हणायचं व्हतं ना मला! तवा सासरी नवी व्हते, तोंड उघडायची सोय नव्हती. पुढं तू आमच्या घरच्या एका बी लग्नाला येईनास. म्हणलं, दादा माझ्यावरच रुसलाय, मी गप बसले म्हणून."

बाबूंनी नियम काढला. "पर सुमे, डिलिव्हरी झालेला माल पुन्हा बुक होत नसतो. एक मुलगी, एक मंगलाष्टक."

"बुक कुठं केला? माझा माल हाय, मी माझ्या लेकीला देला. अन् शैला बी बापाला शेतात डबा नेती. खूण बसती का न्हाई?"

बाबूंनी खरोखरच विचार केला. "नियमात बसतं," ते म्हणाले. मग काखेतली लाल वही काढून पहिलं पान उघडलं आणि कानावरची पेन्सिल बहिणीपुढे धरली. ऑफिसात गिऱ्हाइकाला बोलतात तसं बोलायचा त्यांनी प्रयत्न केला. "दस्तखत करा. डिलिव्हरीला वीस वर्षं उशीर झाला, माफी असावी."

सुमनताई चौथीपर्यंत शिकलेल्या. बाबूंनीच पाटीवर हात धरून शिकवलेल्या. त्यांनी त्या कोऱ्या रकान्यात सावकाश, एकेक अक्षर बसवत आपलं नाव लिहिलं.

"उशीर कशाचा, दादा? माल तवाच पोचला व्हता," त्या म्हणाल्या. "दस्तखत तेवढं ऱ्हायलं व्हतं."

बाबूंनी टोपी काढली आणि चेहऱ्यावर धरली. ती त्यांनी बराच वेळ खाली घेतली नाही, आणि आम्हीही घाई केली नाही.